रोगप्रतिकारशास्त्रातील तरुण संशोधक आणि उद्योजकतेचे प्रशिक्षण : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक विचार

सारांश

प्रयोगशाळेत सिद्ध झालेला शोध रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी पेटंट, उत्पादनाची गुणवत्ता, शासकीय परवानगी, भांडवल व किंमत हे टप्पे ओलांडावे लागतात. आपल्या पदव्युत्तर व पीएच.डी. शिक्षणात या टप्प्यांचा परिचय क्वचितच करून दिला जातो. पवईच्या आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या कार-टी पेशी उपचाराचे उदाहरण, तसेच हाफकिन व मिल्स्टाइन यांचे दोन ऐतिहासिक अनुभव यांच्या आधारे प्रस्तुत लेखात तरुण रोगप्रतिकारशास्त्रज्ञांच्या उद्योजकता-प्रशिक्षणाचे स्वरूप मांडले आहे. हे प्रशिक्षण संशोधन संपल्यानंतर जोडावयाचे परिशिष्ट नसून प्रयोगाच्या पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावयाची शिस्त आहे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : रोगप्रतिकारशास्त्र, उद्योजकता, व्यावसायिकीकरण, पेटंट, कार-टी पेशी, मुंबई उपनगरे.

प्रस्तावना

४ एप्रिल २०२४ रोजी पवई येथील आयआयटी मुंबईच्या परिसरात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार-१९’ या उपचाराचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी बाहेर काढून, त्यांत नवे जनुक घालून, कर्करोगाच्या पेशी ओळखण्यास त्यांना समर्थ करावयाचे आणि पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडावयाचे, अशी ही पद्धती आहे. भारतात विकसित झालेला या प्रकारचा हा पहिला मान्यताप्राप्त उपचार होय. त्यामागील संशोधन पवईतील एका प्रयोगशाळेत, प्रामुख्याने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या हातून घडले.

पवईपासून घाटकोपर, मुलुंड, अंधेरी वा बोरिवली ही स्थानके फार दूर नाहीत. या उपनगरांतील महाविद्यालयांतून सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान व जीवरसायनशास्त्र या विषयांचे विद्यार्थी दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडतात. प्रतिपिंड म्हणजे काय, एलायझा चाचणी कशी करावी, पेशींचे संवर्धन कसे करावे हे त्यांना शिकविले जाते. परंतु आपल्या हातून काही उपयुक्त घडले तर पुढे काय करावयाचे, हे मात्र बहुधा कोणी शिकवीत नाही. या ‘पुढे काय’चा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रोगप्रतिकारशास्त्राचे वेगळेपण

उद्योजकतेचे प्रशिक्षण म्हटले की संगणक क्षेत्रातील उदाहरणे दिली जातात. एखादी आज्ञावली चुकली तर ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. रोगप्रतिकारशास्त्रातील उत्पादन मात्र सजीवाशी निगडित असते. लस, प्रतिसर्पविष, प्रतिपिंड किंवा पेशी-उपचार यांत पदार्थ आणि तो तयार करण्याची पद्धती या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. संवर्धनाचे माध्यम बदलले, तापमान बदलले किंवा शुद्धीकरणाची एक पायरी गाळली, तर बाटलीवरील नाव तेच राहूनही आतील वस्तू बदललेली असू शकते. कार-टी उपचारात तर प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र उत्पादन तयार होते. तेथे एका रुग्णाची मात्रा म्हणजेच एक संपूर्ण घाणा असतो. तो बिघडला तर त्या रुग्णासाठी दुसरा तयार मिळत नाही.

यावरून प्रशिक्षणाचे पहिले सूत्र निघते. या क्षेत्रातील उद्योजकता विक्रीकौशल्यापासून सुरू होत नाही. ती नोंद, पुनरावृत्ती आणि गुणवत्ता यांपासून सुरू होते.

इतिहासातील दोन धडे

मुंबईत प्लेगची साथ असताना वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. लसीची मागणी झपाट्याने वाढली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. वाढत्या मागणीस पुरे पडण्यासाठी निर्मितीची पद्धती बदलण्यात आली व नव्या पद्धतीत कार्बॉलिक आम्ल वगळण्यात आले. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. १९०७ पर्यंत अनेक नामवंत शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांच्यावरील ठपका दूर झाला. परंतु मधली वर्षे गेली ती गेलीच. उत्पादनपद्धतीत केलेला प्रत्येक बदल कारणांसह नोंदविणे आणि लस प्रयोगशाळेबाहेर गेल्यावर ती कोण, कशी हाताळतो याची व्यवस्था लावणे हे विज्ञानाइतकेच महत्त्वाचे असते, हा या घटनेचा धडा आहे.

दुसरा धडा केंब्रिजचा. १९७५ मध्ये जॉर्ज कोलर व सेझार मिल्स्टाइन यांनी मोनोक्लोनल प्रतिपिंड तयार करण्याची पद्धती प्रसिद्ध केली. या पद्धतीचे पेटंट घेतले गेले नाही. तिचा तात्काळ व्यावहारिक उपयोग काय, हे ज्या सरकारी यंत्रणेने ठरवावयाचे होते तिला ते दिसले नाही. काही वर्षांतच अमेरिकेतील विस्टार संस्थेच्या संशोधकांनी, मिल्स्टाइन यांच्याकडून मिळालेल्या पेशी वापरून केलेल्या कामावर पेटंटे मिळविली. १९८४ मध्ये कोलर व मिल्स्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि मोनोक्लोनल प्रतिपिंडांवर पुढे जगभर मोठा औषधउद्योग उभा राहिला. पेटंट न घेतल्याने ज्ञान मुक्तपणे पसरले, हेही खरे. परंतु तो जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय नव्हता. संशोधकाने पेटंट घ्यावेच असा आग्रह नाही. घ्यावयाचे की नाही हे त्याने समजून ठरवावे, एवढीच अपेक्षा आहे.

पवईचे उदाहरण

कार-टी उपचाराची पाळेमुळे परदेशातील आहेत. २०१२ मध्ये फिलाडेल्फिया येथे एमिली व्हाइटहेड या बालिकेवर हा उपचार झाला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत त्यास पहिली मान्यता मिळाली. तेथे त्याची किंमत ४,७५,००० डॉलर ठेवण्यात आली. एवढी रक्कम भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून येथील संशोधकांपुढील प्रश्न केवळ ‘हे जमेल काय’ असा नव्हता, तर ‘हे परवडेल असे जमेल काय’ असा होता.

आयआयटी मुंबईतील प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने सीडी-१९ या प्रतिजनाला ओळखणाऱ्या ग्राहकाची स्वतंत्र, मानवी प्रथिनाशी अधिक जुळणारी रचना केली. अलका द्विवेदी व अथर्व कारुलकर या तरुण संशोधकांचा त्या कामात मोलाचा वाटा होता. २०२१ मध्ये ‘मॉलिक्युलर कॅन्सर थेरप्युटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधावर त्यांची नावे आरंभीच आहेत. दरम्यान, २०१८ मध्ये ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी स्थापन झाली होती. आयआयटी मुंबईच्या ‘साइन’ या २००४ मध्ये सुरू झालेल्या उबवणी केंद्रात ती वाढली. टाटा स्मारक केंद्रातील चिकित्सक या कामात बरोबरीचे भागीदार होते. ४ जून २०२१ रोजी खारघर येथील ॲक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला. पहिल्या व दुसऱ्या टप्प्यांच्या चाचणीसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ‘बायरॅक’मार्फत १९.१५ कोटी रुपये मंजूर केले होते. २०२१ मध्येच लॉरस लॅब्ज या औषधकंपनीने सुमारे २६ टक्के भागभांडवल घेऊन ४६ कोटी रुपये गुंतविण्याचे ठरविले. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची मान्यता मिळाली.

या घटनाक्रमातून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, चिकित्सक प्रारंभापासून सोबत होते. औषध तयार झाल्यावर रुग्णालय शोधण्याची वेळ आली नाही. दुसरी, किंमत हा प्रश्न शेवटी विचारला गेला नाही. पेशीत जनुक पोहोचविणारा विषाणूवाहक आयात न करता येथेच तयार करणे हा प्रयोगशाळेतील निर्णय होता आणि किंमत अमेरिकेतील किमतीच्या सुमारे एक दशांशावर आणण्यात अशाच निर्णयांचा वाटा आहे. तिसरी, सार्वजनिक निधी आधी आला व खाजगी भांडवल मागाहून. ज्या काळात अपयशाचा संभव सर्वाधिक असतो, त्या काळातील धोका समाजाने उचलला.

प्रशिक्षणाचे घटक

वरील अनुभवांच्या आधारे तरुण संशोधकाच्या प्रशिक्षणात पुढील घटक असावेत असे सुचविता येईल.

१. नोंदवही आणि प्रकटीकरण. पाने क्रमांकित असलेली, तारीख व सही असलेली नोंदवही ठेवण्याची सवय पहिल्या सत्रापासून लावावी. त्यासोबत हेही सांगावे, की परिषदेतील भित्तिपत्रक हेही प्रकटीकरणच असते. भारतीय पेटंट कायदा, १९७० मधील कलम ३१ नुसार विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाबाबत बारा महिन्यांची मर्यादित सवलत आहे. अमेरिकेतही एक वर्षाची सवलत आहे. युरोपात मात्र संशोधकाने स्वतःच आधी केलेले प्रकटीकरण साधारणतः पेटंटाच्या आड येते. यावर उपाय सोपा आहे : प्रथम तात्पुरते विनिर्देशपत्र दाखल करावे व नंतर भित्तिपत्रक लावावे. पूर्ण विनिर्देशपत्रासाठी त्यानंतर बारा महिने मिळतात. शोधनिबंध की पेटंट, असा पेच बहुधा खरा नसतो. प्रश्न केवळ क्रमाचा असतो.

२. काय पेटंटयोग्य आहे, याचे भान. भारतीय कायद्यातील कलम ३ नुसार निसर्गात आढळणाऱ्या पदार्थाचा केवळ शोध किंवा मानवावरील उपचाराची पद्धती यांस पेटंट मिळत नाही. त्यामुळे रोगप्रतिकारशास्त्रज्ञाने आपल्या कामातील नवी रचना, नवी निर्मितीप्रक्रिया किंवा नवे मिश्रण कोठे आहे हे ओळखावयास शिकले पाहिजे. भारतातील सूक्ष्मजीवापासून एखादा लसवर्धक पदार्थ मिळविला असल्यास जैवविविधता कायदा, २००२ च्या तरतुदीही पाहाव्या लागतात.

३. दुसऱ्यांचे हक्क. प्रयोगशाळेत वापरलेली पेशीमालिका, प्लास्मिड किंवा प्रतिपिंड कोणत्या अटींवर मिळाले, हे विद्यार्थ्याला ठाऊक असावे. ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेली वस्तू उत्पादनात वापरता येईलच असे नाही. चार वर्षांच्या कामानंतर ही अडचण लक्षात येण्यापेक्षा पहिल्या महिन्यात लक्षात येणे केव्हाही बरे.

४. गरजेचा शोध. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘आय-कोर’ या प्रशिक्षणात संशोधकांचा गट सुमारे सात आठवड्यांत शंभर संभाव्य वापरकर्त्यांच्या मुलाखती घेतो. वस्तू विकणे हा त्या मुलाखतींचा हेतू नसतो; आपले गृहीतक चुकीचे आहे काय हे तपासणे, हा असतो. शास्त्रज्ञाला हे परके वाटू नये, कारण गृहीतक तपासणे हेच त्याचे नित्याचे काम आहे.

५. नियमन व उत्पादन. नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम, २०१९ मध्ये जनुकीय उपचार उत्पादनांचा समावेश नवीन औषधांत केलेला आहे. निदानसंचांना वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. विद्यार्थ्याने हे नियम पाठ करावेत असे नाही. परंतु आपल्या कल्पनेला कोणती वाट लागू पडते, हे त्याला सांगता आले पाहिजे.

६. पैसा व मालकी. बायरॅकच्या ‘बिग’ योजनेतून कल्पनेची सिद्धता दाखविण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. अनुदान, कर्ज व भागभांडवल यांतील भेद विद्यार्थ्यास समजला पाहिजे. सार्वजनिक निधीतून निघालेल्या शोधांच्या मालकीसंबंधीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले होते, परंतु त्याचा कायदा झाला नाही. परिणामी अशा शोधांची मालकी बहुतांशी त्या त्या संस्थेच्या धोरणावर ठरते. ते धोरण विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळीच वाचावे.

७. हितसंबंधांचा संघर्ष. हा घटक सर्वांत नाजूक आहे. मार्गदर्शकच कंपनीचा संस्थापक असेल तर विद्यार्थ्याचा प्रबंध गोपनीयतेसाठी किती काळ थांबवावा? विद्यार्थी प्रबंधासाठी काम करीत आहे की कंपनीसाठी? शोधनिबंधाचा लेखक आणि पेटंटातील शोधकर्ता या दोन भूमिका एक नव्हेत. ज्याने शोधकल्पनेत वाटा उचलला तोच शोधकर्ता. या गोष्टी आरंभीच लेखी ठरविल्या नाहीत, तर नुकसान बहुधा वयाने व अधिकाराने लहान असलेल्या व्यक्तीचे होते.

उपनगरातील महाविद्यालयात काय शक्य आहे?

प्रत्येक महाविद्यालयात आयआयटीसारखी साधने नसतात. परंतु वरीलपैकी बहुतेक घटकांना साधनांपेक्षा इच्छाशक्ती अधिक लागते. पंधरा आठवड्यांच्या एका सत्रात हा अभ्यास बसविता येईल. उदाहरणादाखल डेंग्यूच्या निदानाचा विषय घेऊ, कारण पावसाळ्यात तो घाटकोपर ते बोरिवली सर्वत्र जिव्हाळ्याचा असतो.

प्रयोगशाळेत विद्यार्थी ९६ खाचांच्या पट्टिकेवर एलायझा शिकतात. अचूकतेच्या दृष्टीने ही चाचणी त्यांना उत्तम वाटते. मग त्यांनी पूर्वपरवानगीने एखाद्या पालिका रुग्णालयाच्या व एखाद्या लहान शुश्रूषागृहाच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांशी बोलावे. तेथे ध्यानात येते, की दिवसाला चार-पाच नमुने येणाऱ्या ठिकाणी पट्टिका भरण्याची वाट पाहावी लागते. प्रत्येक वेळी नियंत्रण नमुनेही लावावे लागतात. तोवर रुग्णाचा नातेवाईक अहवालासाठी दारात उभा असतो. म्हणून तेथे पट्टीवरील जलद चाचणी वापरली जाते. शिवाय तापाच्या पहिल्या दिवसांत एनएस-१ प्रतिजन सापडते, तर आयजीएम प्रतिपिंडे काही दिवसांनी दिसू लागतात. त्यामुळे रुग्ण कोणत्या दिवशी येतो यावर कोणती चाचणी उपयोगी हे ठरते. पुस्तकातील रोगप्रतिकारशास्त्र आणि बाजारातील गरज येथे एकत्र येतात. हे व्याख्यानातून शिकविता येत नाही. ते तेथे जाऊनच कळते.

सत्राचे पहिले तीन आठवडे नोंदवही व पेटंटवाचनासाठी द्यावेत. भारतीय पेटंट कार्यालयाची शोधसुविधा विनामूल्य असून त्याचे मुंबईतील कार्यालय अँटॉप हिल येथे आहे. पुढील पाच आठवडे मुलाखतींसाठी, तीन आठवडे खर्चाचा हिशेब व नियमनासाठी आणि उरलेले आठवडे अहवाल लिहिण्यासाठी व तो सादर करण्यासाठी ठेवावेत. अहवालाच्या शेवटी ‘पुढे जावे’, ‘बदल करून जावे’ किंवा ‘थांबावे’ यांपैकी एक निष्कर्ष सकारण द्यावा. ‘थांबावे’ या निष्कर्षास पूर्ण गुण मिळू शकतात, हे आधीच जाहीर करावे. अन्यथा विद्यार्थी आपल्या कल्पनेची वकिली करू लागतात. ज्यांची कल्पना टिकेल त्यांच्यासाठी पवईचे ‘साइन’ किंवा विद्याविहार येथील सोमैया संकुलातील ‘रीडल’ यांसारखी उबवणी केंद्रे उपनगरांतच आहेत.

आक्षेप आणि मर्यादा

विद्यापीठाने व्यापार शिकवू नये, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. ज्या प्रश्नाला बाजार नाही तो प्रश्नच विचारू नये, असे संशोधकास वाटू लागले तर विज्ञानाची हानी होईल. परंतु येथे सुचविलेले प्रशिक्षण सर्वांना कंपनी काढावयास सांगत नाही. यातील बहुतेक विद्यार्थी कदाचित कधीही उद्योजक होणार नाहीत. ते गुणवत्ता नियंत्रण, नियमन, पेटंट तपासणी किंवा अध्यापनाकडे वळतील. तेथेही हे ज्ञान उपयोगी पडेल.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या नेक्सकार-१९ च्या चाचणीत ६४ रुग्ण होते व मूल्यमापन करता आलेल्या रुग्णांपैकी ७३ टक्क्यांत प्रतिसाद दिसला. हे यश मोठे आहे. पण काहींत आजार पुन्हा उलटला आणि उपचाराशी संबंधित मृत्यूही घडले. शिवाय अमेरिकेच्या एक दशांश किंमत म्हणजेही लाखो रुपये होतात. उपनगरातील मध्यमवर्गीय कुटुंबास ती रक्कम उभी करण्यासाठी बहुधा राहते घर गहाण ठेवावे लागेल. व्यावसायिकीकरण म्हणजे उपलब्धता नव्हे. विमा, शासकीय योजना व सार्वजनिक रुग्णालये यांच्या साहाय्याविना ही दरी भरून येणार नाही, आणि हेही प्रशिक्षणात स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

समारोप

हाफकिन यांच्या अनुभवातून नोंद व गुणवत्ता यांचे, मिल्स्टाइन यांच्या अनुभवातून जाणीवपूर्वक निर्णयाचे आणि पवईच्या उदाहरणातून किमतीचा विचार आरंभीच करण्याचे महत्त्व दिसून येते. या तिन्ही गोष्टी संशोधन पूर्ण झाल्यावर शिकता येत नाहीत. तोवर नोंदवही लिहून झालेली असते, भित्तिपत्रक लागलेले असते आणि महागडा घटक प्रक्रियेत पक्का बसलेला असतो. म्हणून हे शिक्षण पदव्युत्तर वर्गातच, प्रयोगाच्या ओट्याशी उभे असताना मिळावयास हवे. हे प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी एखादाच कदाचित कंपनी उभारील. परंतु आपल्या हातातील परीक्षानळी आणि राजावाडी किंवा कूपर रुग्णालयातील खाट यांच्यामध्ये कोणत्या पायऱ्या आहेत, हे त्या सर्वांना ठाऊक असेल. महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यास एवढे दिले तरी ते थोडे नव्हे.